सपाट शहरातल्या पायऱ्या

साशंक : तुझी यादी वाचली. चंदीगडमध्ये चाकाच्या खुर्चीवरून दिवस कुठे घालवता येईल, याची. सुखना तलाव, रोझ गार्डन, सेक्टर 10 मधलं संग्रहालय, कॅपिटॉल आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून रॉक गार्डन. कष्ट घेतले आहेस, ते दिसतं. पण माझी शंका यादीच्या आधीची आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या कितीतरी जणांना शाळेचा उंबरा ओलांडता आला नाही, कचेरीत नोकरी मिळाली तर तिथलं शौचालय वापरता येत नाही. अशा वेळी बागेची आणि तलावाची यादी कुणासाठी करायची? ज्याच्याकडे गाडी आहे, सोबतीला माणूस आहे, हातात मोकळा दिवस आहे, त्याच्यासाठीच ना? सरकारकडे पैसा मोजका असतो. तो आधी शाळा, दवाखाना, बसस्थानक यांवर जावा, मग बागांवर.

हौशी : काका, हा क्रम फक्त आमच्यासाठीच का लागतो? चालणाऱ्या माणसांनी आधी नोकरी मिळवली आणि मग बागेत जायला सुरुवात केली, असं कधी झालं नाही. शाळेत असतानाच त्यांची सहल गेली. वर्गातल्या व्हीलचेअरवरच्या मुलीला 'तू घरी थांब, तुला खाऊ आणतो' असं त्या दिवशी सांगितलं जातं. एरवी बाक, फळा, डबा सगळं बरोबरीचं असतं. आपण वेगळे आहोत हे तिला सहलीच्या दिवशी कळतं. म्हणून मी सहलीपासूनच सुरुवात करते. दवाखान्यात न्यायला कुणीही तयार होतं, कारण गरज सगळ्यांना मान्य असते. हौस मान्य नसते.

आणि या शहराचंच बघा. पीजीआय हे रुग्णालय 1962 पासून इथे आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून मणक्याला मार बसलेली, पाय गमावलेली माणसं तिथे येतात, काही जण महिनोन् महिने येत राहतात. त्यांना चंदीगड म्हणजे दवाखान्याचं फाटक, रांग आणि वॉर्ड एवढंच ठाऊक असतं. पीजीआय सेक्टर 12 मध्ये, सुखना तलाव सेक्टर 1 च्या कडेला. तपासणी दुपारी आटोपली तर संध्याकाळी तलावाच्या काठावर जाऊन बसता येईल, हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगायचं कुणाला सुचतच नाही, कारण रुग्णाला फिरावंसं वाटत असेल ही कल्पनाच आपल्याकडे नाही. माझी यादी आधी त्यांच्यासाठी आहे. गाडीवाले आपलं आपण बघून घेतात.

साशंक : हे पटलं, निदान पीजीआयचं तरी. पण मग दुसरी शंका जास्तच बोचते. 'इथे व्हीलचेअर जाते' असं तू लिहितेस, त्यावर विसंबून एखादा माणूस हिमाचलातून आलेल्या आपल्या आईला घेऊन निघतो. बाहेर पडणं म्हणजे एक साखळी असते. खोलीचा जिना, रिक्षात किंवा गाडीत चढणं, खुर्ची घडी करून मागे ठेवणं, वाहनतळापासूनची वाट, तिकिटाच्या खिडकीची उंची, आतला रस्ता, शौचालय आणि मग हे सगळं पुन्हा उलट. एक कडी तुटली की दिवस तुटला. आपल्याकडे रॅम्प असतो, पण त्याच्या तोंडाशी मोटारसायकल लावलेली असते, नाहीतर वरच्या टोकाला दोन इंचांचा उंबरा राहिलेला असतो. अपंगांचं शौचालय असतं, त्यात बादल्या आणि झाडू ठेवून कुलूप घातलेलं असतं. किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. अशा ठिकाणाला 'सुगम' म्हणणं ही फसवणूक आहे, ताबडतोब लक्षात येणारी. यादी नसती तर तो माणूस निदान चौकशी करून निघाला असता.

हौशी : शौचालयाचं तुम्ही शेवटी म्हणालात, मी ते पहिल्यांदा लिहीन. आमच्यातल्या कितीतरी बायका बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात, चाळीस अंशांवर. बागेत फुलं कोणती आहेत यापेक्षा शौचालयाचं दार किती रुंद आहे आणि ते आत उघडतं की बाहेर, यावर त्यांचा दिवस ठरतो. दार आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. ही गोष्ट वास्तुरचनाकारालाही पुष्कळदा सुचत नाही. तुम्ही स्वतः त्या व्यवसायातले, म्हणून बोलते.

तेव्हा 'जाता येतं' किंवा 'जाता येत नाही' अशी दोन उत्तरं पुरत नाहीत, हे मला मान्य आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये 'माइल्स विदाउट स्टाइल्स' नावाच्या वाटा आखल्या आहेत. तिथे कुरणांच्या कुंपणावरून चढून जायला लाकडी पायऱ्या असतात, त्या नसलेल्या या वाटा. डोंगराळ मुलूख आहे, सगळ्या वाटा सगळ्यांना जमणार नाहीत. म्हणून त्यांनी वाटांची प्रतवारी केली : सर्वांसाठी, अनेकांसाठी, काहींसाठी. 'काहींसाठी' असं लिहिलेल्या वाटेवर चढ आहे, खडी आहे, मागून ढकलणारा दणकट हवा, हे आधीच कळतं. तिथे कायद्याचा आधारही आहे. 2010 चा समानता कायदा सेवा देणाऱ्याला वाजवी बदल करायला लावतो. आणि ज्यांना स्वतः उठून शौचालयाच्या भांड्यावर बसता येत नाही, अशा मोठ्या माणसांसाठी उचलण्याचं यंत्र आणि कपडे बदलायचा बाक असलेली 'चेंजिंग प्लेसेस' शौचालयं 2021 पासून इंग्लंडमधल्या ठरावीक मोठ्या नव्या इमारतींना सक्तीची झाली. मला तिथल्या बागा नकोत. ती प्रतवारी हवी आहे, आणि तो बाक हवा आहे.

साशंक : प्रतवारी चांगली. पण या शहराला तू जरा कमी गुण देतेस, असं मला वाटतं. आपल्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघ. आपली हौस म्हणजे गड, लेणी, घाटावरचं देऊळ. सगळं चढणीचं. हे शहर शिवालिकच्या पायथ्याशी, मंद उताराच्या जमिनीवर वसवलेलं. रस्त्यांच्या सात प्रकारांत पायी चालणाऱ्यांसाठी हिरव्या पट्ट्यातून जाणारी वेगळी वाट पहिल्याच आराखड्यात होती. सुखना तलाव 1958 मध्ये बांध घालून केला, तेव्हापासून त्या बांधावरची वाट वाहनांपासून मुक्त राहावी असा हे शहर आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिएचा आग्रह होता. आणि स्वतः कॉर्ब्युझिएला रॅम्पचं वेड होतं. सचिवालयाची 254 मीटर लांबीची इमारत, तिला बाहेरून जोडलेले रॅम्पचे मनोरे. उच्च न्यायालयात रॅम्प, विधानसभेत रॅम्प, हुतात्मा स्मारकाला रॅम्प, 1968 च्या संग्रहालयात खालून वरच्या दालनात नेणारा रॅम्प. सुगमता हा शब्द आपल्या कायद्यात यायच्या कितीतरी आधी या माणसानं जिन्याऐवजी उतार निवडला. भारतातलं दुसरं कोणतं शहर असं आहे?

हौशी : म्हणूनच तर मला या शहराचा राग जास्त येतो. पुण्याच्या पेठेत वाट अडली तर मी वाड्याला दोष देत नाही. इथे सगळं होतं, आणि तरी माणूस चुकला. कॉर्ब्युझिएनं रॅम्प घातले ते चालणाऱ्या माणसासाठी. चालता चालता इमारत हळूहळू उलगडावी, नजर वर चढत जावी, ही त्याची योजना होती. ती सुंदर आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण उतार किती तीव्र चालेल, हे त्यानं पायांना विचारलं. हातांना विचारलं नाही. आज आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत 1 ला 12 चं प्रमाण आहे. एक फूट वर जायचं तर बारा फूट लांबी हवी. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट, आणि मध्ये थांबायला सपाट जागा. हे माप उगाच आलेलं नाही, खुर्ची स्वतःच्या दंडांनी ढकलणाऱ्याच्या खांद्यांवरून आलं आहे.

त्याचं माप तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मॉड्युलॉर. 1.83 मीटर उंचीचा पुरुष, हात वर केला की 2.26 मीटर. कॅपिटॉलची प्रमाणं त्या उभ्या माणसावर बेतलेली आहेत. मी खुर्चीत बसले की माझे डोळे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतात. कठडा कुठे यावा, खिडकी कुठे सुरू व्हावी, काचेच्या कपाटातली मूर्ती कोणत्या उंचीला असावी, हे सगळं माझ्या डोक्यावरून ठरलं. आणि ते विस्तीर्ण पटांगण! विधानसभेपासून उच्च न्यायालयापर्यंत सगळी काँक्रीटची फरसबंदी, झाड नाही, सावली नाही. ऊन कसं अडवावं हे दाखवायला त्यानं तिथेच छायेचा मनोरा उभारला. पण एका इमारतीपासून दुसरीपर्यंत जाणाऱ्या माणसासाठी सावली नाही. मे महिन्यात खुर्चीच्या चाकाची धातूची कडी उन्हात तापते. तिला हात लावून शंभर हात जाऊन दाखवावं कुणी.

साशंक : मग काय करायचं? 2016 मध्ये कॅपिटॉल युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, सात देशांतल्या सतरा वास्तूंपैकी एक म्हणून. तिथे साधा कठडा लावायचा तरी दहा माणसांनी विचार करावा लागतो, आणि करावा असंच माझं मत आहे. प्रत्येक पिढीनं आपल्या सोयीनं त्यात भर घातली तर पन्नास वर्षांनी पुढच्यांना बघायला काय उरेल? आज तुला उतार हवा, उद्या कुणाला पत्र्याचा मांडव हवा, परवा कुणाला जाहिरातीचा फलक. 'सोय' या नावाखाली आपल्याकडे देवळांचं काय झालं, ते आपण पाहिलं आहे. दगडावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात संगमरवरी फरश्या. तुझी मागणी त्यांतली नाही, मला कळतं. पण दार एकदा उघडलं की मागून कोण शिरेल ते आपल्या हातात राहत नाही.

हौशी : कॅपिटॉलला काय लागेल, ते मी सांगते. उन्हाळ्यात मार्गदर्शकाबरोबरची फेरी सकाळी लवकर. मोठ्या अंतरासाठी बॅटरीवरची गाडी, जिच्यात खुर्चीसकट चढता येईल. उचलून नेता येतील असे लाकडी उतार, जे फेरी संपल्यावर उचलून ठेवता येतात. इमारतीला खिळासुद्धा ठोकावा लागत नाही. वारशाचं कारण पुष्कळदा अशा ठिकाणी पुढे केलं जातं, जिथे अडचण दगडाची नसून वेळापत्रकाची असते.

साशंक : कॅपिटॉल सोडतो. रॉक गार्डनबद्दल बोल. तिथे तुझे लाकडी उतार चालणार नाहीत.

हौशी : नाही चालणार. म्हणून तर प्रश्नचिन्ह टाकलं.

साशंक : मग माझं ऐक. नेक चंद सरकारी रस्ते निरीक्षक होते. शहर बांधताना जी गावं उठवली, त्यांचा राडारोडा, फुटक्या फरश्या, बांगड्यांचे तुकडे, विजेचे जुने सॉकेट गोळा करून राखीव जंगलात चोरून, वर्षानुवर्षं त्यांनी ती सृष्टी उभी केली. सरकारला पत्ता लागला तेव्हा ती पाडता आली असती. त्याऐवजी 1976 मध्ये ती लोकांसाठी उघडली, त्यांना पगार दिला, हाताखाली मजूर दिले. आता त्या जागेची रचना बघ. अरुंद बोळ, एकदम वळणारी भिंत, उतरत्या-चढत्या दगडी पायऱ्या, आणि ठेंगणी दारं. माणसानं वाकूनच आत जावं म्हणून दारं मुद्दाम बुटकी ठेवली, असं सांगतात. पुढे काय आहे ते दिसू द्यायचं नाही, शरीराला जरा अवघडायला लावायचं आणि मग धबधब्यासमोर मोकळं करायचं. त्या कलाकृतीचा अर्थच पावलांच्या कष्टात आहे. ती वाट रुंद आणि सपाट केलीस, तर मूर्ती सगळ्या राहतील आणि रॉक गार्डन राहणार नाही. कॉर्ब्युझिएच्या काटकोनी शहराला एका साध्या माणसानं दिलेलं ते उत्तर आहे. त्यालाही तू एकसारखी मापं लावणार का?

हौशी : काका, त्या ठेंगण्या दारांखालून मी न वाकता जाते. त्या शहरात उभ्या माणसाला मान खाली घालावी लागते आणि बसलेल्याला लागत नाही, अशी बहुधा ती एकच जागा असेल. नेक चंदांनी तसं ठरवलं नसेल, पण त्यांची दारं माझ्या उंचीची निघाली. मला अडवते ती दारांची उंची नाही. दारांची रुंदी अडवते, आणि पायऱ्या.

तेव्हा 'शरीराला कष्ट' हा अर्थ सगळ्यांसाठी सारखा नाही. तुम्हाला वाकण्याचे कष्ट पडतात आणि मग बक्षीस मिळतं. मला पहिल्या पायरीशीच कष्ट संपतात, बक्षीस मिळत नाही. आणि ती जागा काही गोठलेली नाही. त्यांनी स्वतः ती टप्प्याटप्प्यानं वाढवली. तिसऱ्या टप्प्यात तर मोठमोठ्या कमानींना झोके टांगले आहेत, चौक मोकळे आहेत. पहिल्या टप्प्याचे बोळ कुणी रुंद करा, असं मी म्हणणार नाही. पण त्या मोकळ्या चौकांपर्यंत थेट जाणारी सपाट वाट आणि वेगळं दार का नको? 'काहींसाठी', 'अनेकांसाठी', 'सर्वांसाठी' ही प्रतवारी एका बागेच्या आतही करता येते.

साशंक : म्हणजे तुला मागच्या दारानं नेऊन शेवटचं प्रकरण दाखवायचं. उलगडत जाण्यातली सगळी गंमत गेली. तुला ते चालेल?

हौशी : पूर्ण नाही चालणार. पण बाहेर फाटकाशी बसून घरच्यांची वाट बघण्यापेक्षा चालेल.

साशंक : त्यापेक्षा चार माणसांनी उचलून न्यावं. अजिंठ्याला डोलीवाले असतातच. खुर्चीत बसवतात, खांद्यावर घेतात, पहिल्या लेण्यापाशी नेऊन सोडतात. आपल्याकडे हात पुढे करणारी माणसं आहेत, ती रॅम्पपेक्षा स्वस्त आणि मायेची आहेत. परदेशात यंत्र लावतात, कारण तिथे शेजारी नसतो. सगळं सिमेंटनं सोडवायचा हट्ट कशाला?

हौशी : डोलीवाल्यांचे मी आभारच मानते, अजिंठा मी त्यांच्यामुळेच पाहिला. पण उचलून नेलेल्या माणसाला 'जरा थांबा, हे चित्र पुन्हा बघू द्या' म्हणायला संकोच वाटतो, कारण खाली चार जण घामाघूम उभे असतात. त्यांच्या दमण्यावर माझं बघणं मोजलं जातं. एकटीनं वेळ घालवणं ही गोष्टच उरत नाही. आणि बॅटरीची खुर्ची कधी कधी शंभर किलोच्या आसपासही असते, ती उचलायची कुणी? नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' तुम्ही वाचलं असेल. कोल्हापुरात त्यांनी संस्था उभी केली ती काही माणसं उचलायला मिळत नव्हती म्हणून नाही. माया कमी पडत नव्हती, मोकळीक कमी पडत होती. रायगडाचंच घ्या. 1996 मध्ये रोपवे झाला. तो अपंगांसाठी केलेला नाही, सगळे त्यानं जातात, आजी-आजोबा जातात, धडधाकट पोरंही जातात. माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. मला तशी सोय हवी, जिच्यात मी वेगळी दिसत नाही. वरच्या गडावरच्या पायऱ्यांचा प्रश्न तिथेही उरतोच, तो वेगळा.

साशंक : डोलीवाल्याची रोजीरोटी तू हिशेबात धरत नाहीस, पण ते असो. मूळ मुद्द्यावर येतो. हे सगळं लोकांच्या सदिच्छेवर सोडायचं की कायद्यावर? सदिच्छा पाहिली. कायदाही पाहिला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. नियम 15 जून 2017 ला आले. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, असं कलम 45 म्हणतं. पाच वर्षं जून 2022 ला संपली. 3 डिसेंबर 2015 ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं, त्यालाही इतकी वर्षं झाली. तुझ्या यादीत अजून प्रश्नचिन्हं आहेतच.

हौशी : त्याचं एक कारण सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं आहे. 8 नोव्हेंबर 2024 ला, राजीव रतुरी यांच्या खटल्यात, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सुगमतेचा 15 (1) हा नियम रद्द ठरवला. कायदा 'केलंच पाहिजे' म्हणत होता आणि नियमांनी ज्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवलं त्या 'केल्यास बरं' अशा भाषेत होत्या. तीन महिन्यांत सक्तीचे नियम आखा, असं न्यायालयानं सरकारला सांगितलं. किमान काय असायलाच हवं आणि हळूहळू काय वाढवत न्यायचं, हे वेगळं करा, असंही. मला यात माझीच प्रतवारी दिसते. शौचालय, वाहनतळ, तिकीट खिडकी, मुख्य वाट हे किमान. त्यात वारसा, कला, आत्मा यांची सबब नको. त्यापलीकडे, नेक चंदांच्या बोळांपाशी, तुमचा माझा वाद खरा आहे.

साशंक : तो वाद मी सोडणार नाही. पहिल्या टप्प्याला हात लावायला माझा विरोधच राहील. सगळ्यांना सगळं मिळालं पाहिजे यापेक्षा, जगात काही गोष्टी काहींना मिळणार नाहीत हे मान्य करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

हौशी : मान्य करायला मीही तयार आहे. फक्त त्या 'काहीं'मध्ये दर वेळी आम्हीच का, आणि ते न विचारता का ठरतं, एवढंच मला कळत नाही. रॉक गार्डनच्या कोणत्या पायऱ्या राखायच्या आणि कोणत्या बदलायच्या हे ठरवताना त्या टेबलाशी खुर्चीतला एकही माणूस नसेल, तर तो निर्णय मी कलेचा मानणार नाही.

साशंक : ते मी लिहून देतो.

हौशी : मग आणखी एक लिहा, तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना. या सुट्टीत चंदीगडला या, रायगडला जा, नाहीतर गावच्या देवळात. फोटोखाली 'छान जागा' एवढंच लिहू नका. पायऱ्या किती आहेत ते मोजून लिहा. दार किती इंच रुंद आहे, उतार हातानं चढता येतो का, शौचालय उघडं होतं की कुलपात, ते लिहा. कुलूप असेल तर किल्ली मागा आणि ती कुणाकडे असते, तेही लिहा.